हातात पैसे आले, बाळाच्या पोटात काय गेलं?
बेळगाव सीमाभागात विस्थापित कुटुंबांतल्या मुलांच्या कुपोषणावर नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

कोयनेतून पाणी सुटलं आणि राजापूर बंधाऱ्यावर पातळी चढली की कल्लोळ-यडूर बंधारा बुडतो, आणि चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड तालुक्यांतली नदीकाठची घरं रिकामी व्हायला लागतात. हिडकल भरलं की गोकाकची पाळी, नविलुतीर्थ भरलं की रामदुर्गची. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पावसाळे इथं कुणाला आठवून सांगावे लागत नाहीत. पूर ओसरतो, दिवाळी होते, आणि घर सोडून आलेली दुसरी मंडळी दिसू लागतात: ऊसतोडीच्या टोळ्या, फडाशेजारी उभ्या राहिलेल्या कोप्या, आणि दिवसभर पाचटावर झोपणारी लहान पोरं.

दोघांचं घर सुटण्याचं कारण वेगळं, पण बाळाची अडचण एकच. बाळ एका गावात, अंगणवाडीतलं नाव दुसऱ्या गावात आणि आईचं बँक खातं तिसऱ्याच ठिकाणी.

नवा कार्यकर्ता वस्तीवर गेला की पहिल्यांदा मदतीचा फॉर्म काढतो. तसं करू नका. कुठलीही रक्कम खात्यावर पडायला आठवडे जातात, आणि अशक्त बाळ एका जुलाबात चार दिवसांत खाली येतं. आधी बाळाच्या हाताचा दंड मोजायचा, मग कागद.

दंड मोजणं

सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या प्रत्येक मुलाचा डाव्या दंडाचा घेर घ्यायचा. पट्टी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल पट्टा, तीव्र कुपोषण, कामातल्या भाषेत सॅम. ११.५ पासून १२.५ च्या आतपर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण, मॅम. १२.५ आणि त्यापुढे हिरवा.

सोपं वाटतं, आणि म्हणूनच चुकतं. मूल आईच्या मांडीवर बसवा, बाही खांद्यापर्यंत वर घ्या किंवा झबलं काढाच. हाताचा कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा. आता हात सरळ खाली मोकळा सोडायचा. हे लोक विसरतात आणि वाकलेल्या हातावरच पट्टी गुंडाळतात. स्नायू फुगलेला असतो, आकडा जास्त येतो आणि लाल मूल पिवळ्यात जातं. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडीला वळी पडता कामा नये. खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा, मोठ्यानं म्हणा, दुसऱ्यानं लिहून घ्यावा. मूल रडत असेल तर थांबा. दोनदा मोजा, दोन आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा.

वय माहीत नसतं, विशेषतः टोळीत. जन्मतारखेऐवजी "गणपतीत झाला", "मागल्या पट्ट्याला" (म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला तेव्हा) असं उत्तर येतं. तेवढं पुरतं, सणावरून महिना निघतो. अगदीच निघाला नाही तर काठीवर ६५ आणि ११० सेंटिमीटरला खुणा करून ठेवा. उंची या दोन खुणांमधली असेल तर दंड मोजायचा.

मग पाय. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर एकाच वेळी दोन्ही अंगठे तीन सेकंद दाबून धरा. उचलल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि मग दंडाचा आकडा काहीही असो, मूल सॅममध्येच. हे मूल गुटगुटीत दिसतं. शेजारणी म्हणतात, "ह्याला काय झालंय, चांगला भरलाय की." पट्टीच्या नादात पाय बघायचे राहिले तर नेमकं हेच मूल हातचं जातं.

कुणाला कुठं पाठवायचं

सूज असलेलं मूल; लाल पट्ट्यातलं आणि शिवाय ताप, जुलाब, धाप, गळून जाणं, सगळं ओकून टाकणं, झटके किंवा थंडगार अंग यातलं एकही लक्षण असलेलं मूल; आणि लाल पट्ट्यातलं पण खायला दिलेलं तोंडात न घेणारं मूल. या तिघांना पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं, त्याच दिवशी. गाडी १०८. निघेपर्यंत मूल उघडं ठेवू नका, आईच्या छातीशी धरून वरून चादर घ्या. अंगावर पीत असेल तर पाजत राहायचं. वाटेत साखर उतरून मूल दगावू शकतं, म्हणून शुद्धीत असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या मुलाला एक शिगोशीग चहाचा चमचा साखर साडेतीन मोठे चमचे उकळून निवलेल्या पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजा.

केंद्रात साधारण दोन आठवडे राहावं लागतं, आणि इथंच बहुतेक घरं मागं सरतात. आई दवाखान्यात म्हणजे रोज बुडाला, मागची पोरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न. सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, हे भरतीच्या आधी सांगा आणि खातं क्रमांक त्याच वेळी द्या. सुट्टी झाल्यावर मागायला गेलं की काम लांबतं. टोळीत आई गेली की कोयता मोडतो, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचं काम थांबतं. तेव्हा मुकादमाशी बोलणंही तुमचंच काम आहे. आईनं बोललं तर उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचा, हिशोब निघतो.

लाल पट्ट्यातलं पण खेळणारं, खाणारं, सूज नसलेलं मूल घरीच ठेवता येतं, मात्र आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एकदा तपासल्यावर आणि दर आठवड्याला वजन होणार असेल तरच. पिवळ्याला अंगणवाडीचा आहार, घरचं खाणं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पट्टी.

अंगणवाडीत नाव

"तुमचं नाव तिकडच्या गावाला आहे" हे उत्तर सगळ्यांत जास्त ऐकू येतं. ते मान्य करू नका. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाईलवरच्या नोंदणी ॲपमध्ये, एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवता येतं. जुनी नोंद सापडायला आईचा आधार क्रमांक किंवा तेव्हा दिलेला मोबाईल नंबर लागतो. सोबत तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाचं आरोग्य कार्ड, न्या. महाराष्ट्रातून आलेल्या बाईकडे त्याऐवजी माता-बाल संरक्षण कार्ड असतं, तेही चालतं. पुरात दोन्ही वाहून गेलं असेल तर आशाताईंच्या वहीत लसीची नोंद बघून नवं कार्ड करून घ्यायचं.

अंगणवाडीच्या टीचरनं ऐकलं नाही तर भांडू नका, सुपरवायझरकडे जा, आणि तिथंही नाही झालं तर तालुक्याच्या सीडीपीओंच्या, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या, नावे लेखी अर्ज. कन्नडमध्ये लिहून घ्या, दोन प्रती करा आणि एकीवर 'स्वीकृती' म्हणून शिक्का मागा. आपल्या भागात मराठीतला अर्ज नाकारला जाऊ नये ही मागणी रास्तच आहे. पण ती लढाई ज्या दिवशी बाळ लाल पट्ट्यात आहे त्या दिवशी लढायची नाही.

जवळ अंगणवाडीच नसेल, उदाहरणार्थ पुरानंतर माळावर वसवलेल्या नव्या वसाहतीत, तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लक्षात ठेवा: सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. मुलांची यादी नाव, वय आणि दंडाच्या आकड्यासह जोडली की अर्जाला वजन येतं.

पैसा कुठून, कुणाच्या नावावर

कर्नाटकात घरातल्या बाईच्या हातात येणारी ठरलेली रक्कम म्हणजे गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये. योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. हप्ते मागेपुढे होतात, तेव्हा या पैशावर दुधाचं खातं लावून देऊ नका. आणि एक बारीक गोष्ट आहे. हे पैसे रेशन कार्डावर जी घरकर्ती आहे तिलाच मिळतात, आणि एकत्र कुटुंबात घरकर्ती असते सासू. बाळाची आई सून. म्हणजे तुम्ही तासभर आईला आहार समजावून आलात, तरी अंडी आणायचा निर्णय ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा आहे. भेट घेताना तिलाच आधी "आक्का, तुमच्या नातवाचा दंड बघा" म्हणून पट्टी हातात द्या. तिनं स्वतः लाल रंग बघितला की पुढचं बोलणं निम्मं होतं.

सीमाभागातली खास अडचण नावाची. माहेर कागल-गडहिंग्लजचं, सासर निपाणी-संकेश्वरचं. लग्नात नाव बदललेलं, आधारवर माहेरचं नाव, महाराष्ट्रातल्या रेशन कार्डावर अजून नाव शिल्लक आणि इथल्या कार्डावर चढलेलं नाही. त्यावर मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतं. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, मग आधारमध्ये नाव आणि पत्ता, मग इथलं रेशन कार्ड, शेवटी बँक. उलट क्रमानं गेलं की प्रत्येक काउंटरवरून परत यावं लागतं.

बँकेत केवायसी झालेलं असणं आणि आधार पैशासाठी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट जमा होणारी सरकारी रक्कम एकाच खात्यात जाते: आधार सगळ्यांत शेवटी ज्या बँकेशी जोडलं त्या. बायका म्हणतात पैसे आले नाहीत, आणि ते बचत गटासाठी कधीतरी उघडलेल्या विसरलेल्या खात्यात पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ओटीपी येणारा मोबाईल नंबर चालू हवा. खातंच बंद पडलं असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडणं सगळ्यांत सोपं. आधार आणि बोटाचा ठसा पुरतो. ऊसतोड बायकांच्या बोटांचे ठसे कोयत्यानं आणि पाचटानं पुसट झालेले असतात. बोटं धुवून, पुसून, थोडं तेल लावून पुन्हा घ्या. तरी नाही जमलं तर डोळ्याचा ठसा किंवा ओटीपी मागा.

गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई असेल तर मातृवंदना. पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम. पहिला हप्ता गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, दुसरा जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. जन्मनोंद पुराच्या धावपळीत राहून जाते आणि तिथं हप्ता अडतो.

पूरग्रस्तांसाठी आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ चे निकष असे: घर वाहून गेलं, पडलं किंवा फार काळ पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी कुटुंबामागं २,५०० आणि भांडीकुंडी-सामानासाठी २,५०० रुपये. जगण्याचं साधन गेलेल्या कुटुंबाला निर्वाह मदत प्रौढामागं दिवसाला ६० आणि मुलामागं ४५. मात्र जे काळजी केंद्रात, म्हणजे पुरातल्या सरकारी निवाऱ्यात, जेवतात, ज्याला लोक अजून गंजी केंद्रच म्हणतात, त्यांना ती नाही. पाहुण्यांकडे जाऊन राहिलेल्या घरांना या मदतीची कल्पनाच नसते. नवराबायको आणि दोन पोरं म्हणजे दिवसाला २१० रुपये होतात. राज्य सरकार यावर वेळोवेळी जास्तीची रक्कम जाहीर करतं. २०१९ मध्ये तातडीची मदत म्हणून कुटुंबामागं १०,००० दिले होते. पंचनामा होईपर्यंत भिंतीवरची पाण्याची रेघ धुवायची नाही, तिच्याजवळ घरातल्या माणसाला उभं करून फोटो काढायचा. भाडेकरूंनी भांडी-कपड्यांसाठी आपलं नाव घरमालकापेक्षा वेगळं घालून घ्यावं, नाहीतर यादीत मालकच येतो.

बीडकडून आलेल्या टोळीला रेशन इथंच उचलता येतं. राष्ट्रीय अन्नसुरक्षेचं कार्ड देशात कुठल्याही दुकानात चालतं, आणि सगळा कोटा एकदम उचलावा लागत नाही. गावाकडं राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा तिकडं सुटतो. दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ वर तक्रार. राज्य सरकार आपल्याकडून जे जास्तीचं देतं ते मात्र परराज्यातल्या कार्डावर मिळत नाही, ते मागून वाद घालू नका.

तुमची संस्था स्वतः रक्कम देणार असेल तर

इथं जरा थांबून विचार करा, कारण चांगल्या मनाच्या संस्था इथंच पैसा घालवतात. सोमालियात मोगादिशूजवळच्या विस्थापितांच्या छावण्यांमध्ये महिन्याला रोख रक्कम देऊन पाहिली. मुलांच्या ताटातलं वैविध्य वाढलं, पण तीव्र कुपोषण कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट काँगोमध्ये, तीव्र कुपोषणावर उपचार चालू असलेल्या मुलांच्याच घरात उपचारासोबत रोख दिली, तेव्हा बरी होणारी मुलं कितीतरी जास्त निघाली. पाणी खराब, जुलाब चालू आणि उपचार नाही, तिथं एकटा पैसा दंड वाढवत नाही.

म्हणून रक्कम वस्तीला वाटू नका. लाल आणि पिवळ्या पट्ट्यातल्या मुलांच्या घरांना द्या, आणि किमान तीन महिने द्या. महिन्याची एकदम दिली की ती किराणा दुकानदाराच्या उधारीत जाते. त्यात त्या घराची चूक नाही, उधारी फेडली नाही तर पुढचं पीठ मिळत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी, महिन्यात दोन भागांत द्या, आणि एक भाग वस्तीवरच्या अंडी-दूधवाल्याकडे कुपनानं. बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे पडतील असं बघा. निपाणीत गुरुवार, बेळगावात शनिवार. रक्कम आकाशातून ठरवू नका. बाळाला रोज एक अंडं, ३० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम डाळ, दोन चमचे तेल, पाव लिटर दूध आणि एक केळं याचा तुमच्या गल्लीतला आजचा भाव विचारा, तीसनं गुणा, घरात पाचांखालची जेवढी मुलं तेवढ्यांनी पुन्हा गुणा. एकाच मुलापुरतं दिलं तर ते भावंडांत वाटलं जातं, आणि ते वाटलं जाणारच.

चुलीवर काय

सहा महिन्यांनंतरच्या मुलाला दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये काहीतरी. टोळीत हेच अवघड आहे: आई पहाटे फडात, दुपारी उशिरा चूल, मधल्या वेळात पोराच्या हाती उसाचं कांडं. तिथं शिजवायला फार वेळ न लागणारं पीठ कामाला येतं. नाचणी अर्धा किलो, फुटाण्याची डाळ पाव किलो, शेंगदाणे पाव किलो. नाचणी धुऊन, वाळवून, खमंग वास येईपर्यंत भाजा. शेंगदाणे वेगळे भाजून सालं काढा. सगळं बारीक दळा. वेळेला ५० ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण पाच मोठे चमचे, एक ग्लास पाण्यात गुठळ्या मोडून दहा मिनिटं शिजवायचं, उतरवून १० ग्रॅम गूळ आणि एक चमचा तूप किंवा तेल. यातून २८० कॅलरीच्या आसपास आणि सात ग्रॅमवर प्रथिनं मिळतात. चमचा उलटा केला तर पटकन ओघळू नये इतकं घट्ट हवं. पाणचट पेजेनं पोट भरतं आणि दंड तसाच राहतो. पुरात भिजलेले किंवा बुरशीचा ठिपका दिसणारे शेंगदाणे भाजूनही वापरू नका, बुरशीचं विष भाजून जात नाही. दाण्यांच्या तेलानं पीठ खवट होतं, म्हणून दहा दिवसांपुरतंच दळा. आणि हे औषध नाही. सॅम मुलाच्या उपचाराच्या जागी याला बसवायचं नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचं दूध, दुसरं काही नाही. काळजी केंद्रात दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या दान म्हणून येतात. ते वाटू नका. १९९२ च्या कायद्यानं त्यांच्या फुकट वाटपाला बंदी आहे, आणि पुराच्या पाण्यात कालवलेली बाटली म्हणजे जुलाब. ताणानं दूध आटलं असं आई म्हणते तेव्हा आडोसा, दोन वेळचं जेवण, भरपूर पाणी आणि बाळाला वरचेवर छातीशी लावणं यांनी बहुतेक वेळा परत येतं. मातृपूर्णा योजनेत स्तनदा आईला अंगणवाडीत रोज गरम जेवण आहे, तिचं नाव बाळाच्याच दिवशी घाला.

पुन्हा मोजणं

सॅम मुलाचं वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, एकाच वेळी, कपडे काढून. किलोमागं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी वाढ म्हणजे काहीतरी चुकतंय. सात किलोच्या मुलाला आठवड्याला पाव किलो तरी यायला हवं. नसेल तर पहिल्यांदा जुलाब आणि पाणी बघा, मग पीठ खरंच कोण खातंय ते, मग क्षयरोगाची तपासणी करून घ्या. दंड १२.५ किंवा त्यापुढे आणि सूज नाही, असं सलग दोन आठवडे दिसल्यावरच नाव यादीतून काढायचं.

टोळी हलण्याच्या आदल्या आठवड्यात, कारखान्याचा पट्टा पडायच्या आधी, आईच्या हातात एक कागद द्या: मुलाचं नाव, शेवटचे तीन दंडाचे आकडे तारखांसह, वजन, दिलेल्या लसी, आणि इथल्या अंगणवाडीचा क्रमांक. मराठीत एक ओळ, कन्नडमध्ये एक ओळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगा, आणि पोषण ट्रॅकरवरून नाव त्यांच्या गावाला पाठवलं का, ते टीचरच्या मोबाईलवर स्वतः बघून मगच वस्ती सोडा.